चौथ्या भागातली क्रेनवाली

बाबा,

चौथ्या भागातली क्रेनवाली बाई नाही. तिला मिशी आहे. हे तुम्हाला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि आता कळतंय की ताईलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, या घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला, जिनं गेल्या रविवारी भिलाईत, रिसालीच्या वाचनालयात पंचवीसेक माणसांसमोर उभं राहून छाती ठोकून सांगितलं की ती बाई आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर एकदाही चिडले नव्हते. गेलेल्या माणसावर चिडायला कुणी मनाई करत नाही, पण चिडतही कुणी नाही. तुमच्या स्मृतिदिनाला घरी जी माणसं येतात ती चहा पिता पिता तुम्ही किती शांत होतात, कधी कुणाला आवाज चढवून बोलला नाहीत, एवढंच बोलतात, आणि मीही मान हलवत कप गोळा करते. आज मला मान हलवायची नाही. आज शाळेतून आल्या आल्या हातपायही न धुता लिहायला बसलेय, आणि आई विचारतेय की पेपर तपासून राहिली का, तर मी हो म्हटलंय. बघा, तुमच्यापायी आणखी एक खोटं.

पहिल्यापासून लिहिल्याशिवाय मला राग नीट मांडता यायचा नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंच आधी लिहिते. हिंदीतली ती बारा पातळ पुस्तकं तुम्ही सुपेल्याच्या रविवारच्या बाजारातून रद्दीच्या ढिगातून आणली होती, सुतळीनं बांधलेली. पृथ्वी जगायच्या लायकीची उरली नाही म्हणून नवी पृथ्वी शोधायला निघालेल्या एका यानाची ती गोष्ट. आपण नुसतं 'यान' म्हणायचो. मी तेव्हा आठ वर्षांची, हिंदी शाळेत, आणि घरीही हिंदीतच बोलायला लागलेली. एक दिवस मी ताईशी हिंदीत भांडताना तुम्ही ऐकलंत आणि आईला म्हणालात, "हे पोट्टी तं भांडूनही हिंदीतच राहिली. उद्या माहेरची मानसं आली तं काय दुभाषी ठेवाचा काय?" आणि दुसऱ्या दिवसापासून यान सुरू झालं. तुम्ही पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवून पहिल्या पाळीहून यायचात, आंघोळ करायचात, आणि चारच्या सुमारास मरोद्याच्या त्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाटावर बसायचात. मी समोर. आई आत लाल भाजी निवडत बसलेली, ताई तुमचा डबा घासत मागच्या नळावर. पुस्तक हिंदीत, आणि तुमच्या तोंडून मात्र मराठी यायची, जणू छापलेलीच मराठी आहे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बाप हिंदी बघतो आणि मराठी वाचतो, हे मला सायकल चालवण्याइतकं साधं वाटायचं.

चौथ्या भागात ती आली. यानाच्या बाहेरच्या अंगाला एक लोखंडी हात होता, सामान उचलायचा, आणि तो चालवणारी यानाच्या माथ्यावरच्या एका काचेच्या केबिनमध्ये एकटी बसायची. तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपल्यावानी. क्रेनवाली." तेव्हापासून तिचं नाव क्रेनवाली. केबिनमध्ये शिरली की ती आधी वेणी गुंडाळून कॉलरच्या आत खोचायची, मग लिव्हरला हात घालायची. कप्तान ओरडायचा, शास्त्रज्ञ ओरडायचा, ती कुणाचं ऐकायची नाही. खाली उभा असलेला इशारेवाला जो हात दाखवेल तेवढंच. एका मेलेल्या ग्रहावर कप्तानाची उतरायची छोटी होडी दगडात अडकली तेव्हा तिनं ती अशी अलगद उचलून आणली की आतल्या माणसाच्या पेल्यातलं पाणी हललं नाही. हे वाचताना तुमचा उजवा हात आपोआप पुढे यायचा आणि हवेतला लिव्हर धरायचा. मी नववीत गणितात मार खाल्ला तेव्हा ती माझ्याजवळ होती. बारावीनंतर सगळे म्हणाले, मुलगी आहे, आर्ट्स घे, सोपं जाईल, तेव्हा मी फिजिक्स घेतलं ते तिच्या जिवावर. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण पुस्तकातल्या बाईच्या जिवावर कुणी बी.एस्सी. करतं का? पण मी केली. आता कळतंय की मी ती एका मिशीवाल्याच्या जिवावर केली.

त्याच दिवसांत तुम्ही मला क्रेनचा नियम शिकवलात. उचल, सरक, खाली घे, हे फक्त एका माणसाचं ऐकायचं, ज्याच्या हाती इशारा आहे त्याचं. पण थांब असं कुणीही म्हणालं तर थांबायचं. कुणीही. साहेब असो, झाडूवाली असो, पहिल्याच दिवशी कामावर आलेला असो. का थांब म्हणतोय हे नंतर विचारायचं. आपण वाचताना तसाच खेळ करायचो: मी थांबा म्हटलं की तुम्ही अर्ध्या शब्दावर गप्प, ताईनं नळावरून ओरडलं तरी गप्प, आईनं म्हटलं की "थांबा, कुकरची शिट्टी होऊ द्या," तरी गप्प. एकदा मी गंमत म्हणून तीनतीनदा थांबा म्हटलं आणि हसत सुटले. तुम्ही पुस्तक मिटलंत. तुम्ही मला रागावलात ते एवढंच एकदा. "पोरी, थांब हा शब्द खेळाचा नोहे. खाली मानूस उभा असते." त्या दिवशी यान पुढे गेलंच नाही. मी रडले, पण नियम पक्का झाला. इतका पक्का की आज माझ्या वर्गात एखाद्या मुलीनं "मिस, रुकिए" म्हटलं की खडू हवेत थांबतो.

आता रविवारचं. मधल्या काळात त्या बारा पुस्तकांवरून मोबाइलवर बघायची मालिका आली आहे, आणि भिलाईत जो तो यानाबद्दल बोलतोय. आमच्या वाचनमंडळानं विषय ठेवला, यान आणि त्यातल्या बायका. दुर्गहून मोहन नगरची एक मुलगी येते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, जाड चष्म्याची. ती स्कूटीवरून बाराच्या बारा पुस्तकं घेऊन आली होती, नव्या छपाईची, पानापानांतून रंगीत चिठ्ठ्या बाहेर आलेल्या. आणि तिनं एकेक बाई समोर ठेवली. यानातली डॉक्टरीण, जी रक्त बघून बेशुद्ध पडते. कप्तानाची होणारी बायको, जी पृथ्वीवरच राहिलीय आणि प्रत्येक भागाच्या शेवटी खिडकीत उभी असते. परग्रहावरची राणी, जी कप्तान आवडेपर्यंत क्रूर आणि आवडल्यावर एकदम मूर्ख. आणि शास्त्रज्ञाची मुलगी, तिचं काम फक्त विचारणं, "पिताजी, यह क्या है?" म्हणजे पिताजींना वाचकांना समजावून सांगता यावं. "औरतें पूछती हैं, आदमी बताते हैं," ती म्हणाली, "बस. बारह किताबों में यही चल रहा है." बाबा, तिचं सगळं खरं होतं, आणि ते सगळं खरं आहे याचाच मला वैताग आला. ती ज्या थंडपणे चिठ्ठ्या काढत होती, त्यात माझा उंबरा, पाट, लाल भाजी असं सगळं उचकटून निघत होतं.

त्यात पुढच्या खुर्चीवर ते निवृत्त साहेब. नागपूरकडचे, प्लांटमधून मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, मंडळाला पंखा दिलेला आहे म्हणून प्रत्येक विषयावर पहिलं बोलणारे. ते म्हणाले, "अरे बेटा, कहानी है, मजा लो. त्या काळी लिहिलंय. तेव्हा कुठे होत्या बायका यानात?" चष्मेवाली म्हणाली, "सर, तब आदमी भी कहाँ थे यान में?" सगळे हसले, मीही हसले. मग साहेब माझ्याकडे वळले. "तू बोल बेटा, तू तर शिक्षिका. तुझे बाबा ऑपरेटर होते ना आमच्याकडे? त्यांना वाचनाची आवड होती म्हणतात." म्हणतात! जणू ऑपरेटरनं वाचणं ही ऐकीव गोष्ट आहे. मी उभी राहिले ती दोघांवर चिडून. साहेबांना म्हटलं, गोष्टच आहे तर गोष्टीत तरी बाईला काम द्यायला काय जातं? आणि त्या मुलीला म्हटलं, तू म्हणतेस ते बरोबर आहे, पण पुस्तक असं चिठ्ठ्या लावून पुरतं कळत नाही, तू एक बाई सोडलीस. आणि मग मी क्रेनवाली सांगितली. वर हेही सांगितलं की मालिकेत तुम्ही तो मिशीवाला ऑपरेटर बघितलात ना, तो मुळात बाई होता. मालिकावाल्यांनी तिला काढून तिची नोकरी त्याला दिली. बघा, हे असं आपल्याला पुसलं जातं. मागच्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"रुकिए दीदी," चष्मेवाली म्हणाली, "एक मिनट. कौन से भाग में?"

चौथ्या, म्हणाले मी, आणि बोलत राहिले. केबिन सांगितली, इशारेवाला सांगितला, पेल्यातलं न हललेलं पाणी सांगितलं. ती पानं उलटत होती. "दीदी, रुकिए ना," ती पुन्हा म्हणाली, हळू, मला वाचवायला म्हणावं तशी. मला तेव्हा वेणीचं सांगायचं होतं. मी वेणी सांगितली, ती कॉलरमध्ये खोचणं हातानं करून दाखवलं, आणि खाली बसले. मग तिनं पान पुढे धरून वाचलं. "उसने मूँछों पर हाथ फेरा और लीवर थाम लिया." पुढेही वाचलं. तीच होडी, तेच पाणी, तोच इशारेवाला. साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अगं, तुझी हिरॉइन तर मूंछवाली निकली!" आणि पंख्याखाली बसलेली सगळी माणसं हसली. जमीन फाटावी वगैरे काही मला वाटलं नाही, मला त्या क्षणी फक्त तुमचा राग यायला हवा होता, पण मी काय केलं? मी म्हटलं, "हमारे घर में पुराना संस्करण है. उसमें औरत है."

त्या मुलीनं माझ्यावर विश्वास ठेवला, बाबा. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिचे डोळे चष्म्याआड असे चमकले. "सच दीदी? मतलब पहले औरत थी और नए संस्करण में बदल दिया? ये तो बहुत बड़ी बात है. मैं कॉलेज मैगज़ीन में इसी पर लिखूँगी. अगले इतवार ला सकती हैं?" मी हो म्हटलं. घरी येईपर्यंत मी स्वतःचीच समजूत काढत होते की असेलही तसं. जुनी छपाई आहे, असेलच. तुम्ही खोटं कशाला वाचाल?

पत्र्याची पेटी काढली. तुमच्यानंतर क्वार्टर सोडताना बारा पुस्तकं आईनं तुमच्या गणवेशात गुंडाळून ठेवली होती, आणि मी ती कधी सोडलीच नाहीत. आधी बघवत नव्हतं म्हणून, आणि नंतर सगळं पाठच आहे, वाचायचं काय, म्हणून. पदवीधर बाई, वर्गात मुलींना सांगते की उत्तर लिहिण्याआधी पाठ वाचा. चौथा भाग उघडला. मूंछ. दोन पानांनंतर पुन्हा मूंछ. पांढरी होत चाललेली, पिळदार, तंबाखूनं पिवळी पडलेली मूंछ, त्या लेखकाला मिशीपलीकडे काही सुचत नव्हतं की काय! आणि जिथे जिथे तो क्रेनवाला येतो, तिथे तिथे समासात पेन्सिलीची बरोबरची एक छोटी खूण. सुरुवातीला मला कळेना. मग कळलं. तुमच्या लॉगबुकात असायच्या तशाच. पाळी सुरू करण्याआधी तुम्ही क्रेनभोवती फिरून बघायचात, ब्रेक, हूक, दोर, घंटी, आणि एकेकासमोर अशी खूण करायचात, हे तुम्ही मला कितीदा सांगितलं होतं. पुस्तक रोज तुमच्या डब्याच्या पिशवीतून प्लांटला का जायचं, हे मला आता समजलं. सुट्टीत डबा खाऊन तुम्ही संध्याकाळची पानं आधी बघून ठेवत होता, कुठे मिशी येते, कुठे वेणी घालायची, वाचताना जीभ घसरू नये म्हणून. म्हणजे ओघात झालेली चूक नाही. ठरवून, तपासून, खुणा करून केलेलं खोटं. इतक्या नीटपणे मला कुणी फसवलं नाही.

सोमवारी आई शिलाई मशीनवर बसली होती. हल्ली ती शेजारणींच्या साड्यांना फॉल-पिको करते. मी पुस्तक तिच्यासमोर धरलं.

"आई, क्रेनवाली पुस्तकात नाहीच आहे."

"नाहीच मुळी. बुढा होता तो. मिशीवाला."

"तुले माहीत होतं?"

"मले माहीत नसन तं कोनाले असन? मीच तं म्हनलं होतं त्याईले." मशीन चालूच. "तू रडून राहिली होती. ते डॉक्टरीन चक्कर येऊन पडली म्हनून. मले नाई ऐकाचं म्हने, बाया नुसत्या पडतेत. मंग मी म्हनलं, अहो, तो क्रेनवाला हाये ना, त्याले बाई करून टाका. कोन पाहाले येते?"

"आन बाबा काय म्हणाले?"

"लेखक मानसानं मेहनतीनं लिहिलं, असं कसं बदलाचं म्हने. मी म्हनलं, रडून कोन राहिली, त्या लेखकाची पोरगी का आपली?"

बाबा, ही चार यत्ता शिकलेली बाई. त्या रविवारी वाचनालयात चष्मेवाली जे चिठ्ठ्या लावून मांडत होती, ते हिनं भाजी निवडता निवडता एका वाक्यात उरकलं होतं, आणि नुसती टीका करून थांबली नव्हती, दुरुस्ती सांगितली होती. आणि वेणी? आईनं मान थोडी खाली केली, सुई बघायला, आणि तिची पिकलेली वेणी ब्लाउजच्या मागे गळ्यात खोचलेली होती, मशीनमध्ये अडकू नये म्हणून. लहानपणी स्टोव्ह पेटवण्याआधी ती असंच करायची. मी चोवीस वर्षं त्या वेणीसमोर राहतेय आणि मला ती अंतराळात दिसली होती. तुम्ही तिची कल्पना घेतलीत, तिची वेणी घेतलीत, आणि मला एकदा तरी सांगितलंत का, की हे तुझ्या आईचं आहे? मी सगळं तुमचंच समजत आले. इथवरसुद्धा मी कदाचित माफ केलं असतं, हसून सोडलंही असतं. पण आई पुढे बोलली.

"ताईच्या लगनाच्या वेळेसही म्हनलं होतं मी," ती म्हणाली. आवाज तोच, फॉल किती घातला हे सांगतानाचा. "थांबा म्हनलं. पोरीले नर्सिंगचा फारम भरू द्या, एक वर्ष थांबा. तवा नाई ऐकलं. मोठ्या भावाले शब्द देल्ला म्हने." तिनं दातानं धागा तोडला. "पुस्तकातली बाई बदलाले काय लागते, पेन्सिलच तं लागते."

मी दहा वर्षांची होते तेव्हा. यानाचा नववा भाग चालू होता. ताईच्या मंगल परिणयाचं तेवढंच आठवतं की विहारात पांढऱ्या साड्यांची गर्दी होती, आणि मी कुणाच्या तरी मांडीवर झोपले, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता नळावर कुणी नव्हतं. त्याही दिवशी तुम्ही वाचलंत. मी ऐकलं. क्रेनवालीनं त्या भागात अख्खं यान ओढून नेलं होतं.

मग मी ताईला फोन केला. ती राजनांदगावला, दोन मुलं, सासूचं मधुमेहाचं इंजेक्शन तीच देते, आणि गल्लीतल्या चार जणींनाही तीच देते. मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती हसायला लागली.

"तुले आता समजलं? मले तं तवाच माहीत होतं. डबा घासाले घेत होती ना मी, पिशवीतून पुस्तक काढून वाचून घेत होती. नळाजवळ बसून. बाबा आंघोळीहून येईपर्यंत."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"काऊन सांगू? तू कशी तोंड उघडं टाकून ऐकत होती. मले वाटे, असू दे, हिले तरी बाई भेटली." मग म्हणाली, "मले मिशीवालाच भेटला." आणि पुन्हा हसली, आणि म्हणाली की दूध उतू जाऊन राहिलं, ठेवते.

म्हणजे वाचनालयात मी जे खोटं बोलले ते तितकंसं खोटं नव्हतं, आपल्या घरात दोन आवृत्त्या होत्याच. एक उंबऱ्यावर धाकटीसाठी, वेणीची. एक नळावर मोठीसाठी, छापली होती तशी. आणि नळ उंबऱ्यापासून किती लांब होता, बाबा? चार पावलं.

मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि तुम्ही भांडायला नाही, हा वैताग सगळ्यात मोठा. रविवारपासून मी मनातल्या मनात सगळ्यांच्या वतीनं बोलून बघतेय. साहेब म्हणतील, बघ, वाचणाऱ्यानं मनात आणलं तर बदलता येतं, उगाच लेखकाला कशाला बोल लावायचा? चष्मेवाली म्हणेल, दीदी, एका भल्या माणसाला आपल्या मुलीला वाचून दाखवण्याआधी पुस्तक दुरुस्त करावं लागतं, याहून मोठा पुरावा काय हवा? ती बरोबर म्हणेल. त्या पुस्तकावरची सगळ्यात कडक टीका तुमच्या पेन्सिलीनं केली आहे. पण मी तिला पुढचं काय सांगू? की ज्या हातानं चौथ्या भागात खुणा केल्या त्याच हातानं ताईचा फॉर्म कपाटावर ठेवून दिला? तुम्ही वाईट बाप असता तर सोपं होतं, मी एक चिठ्ठी लावून मोकळी झाले असते. तुम्हाला कळत होतं. बायका नुसत्या पडू नयेत, हे तुम्हाला आठ वर्षांच्या पोरीच्या रडण्यावरून कळलं, आणि एकोणीस वर्षांच्या पोरीच्या गप्प बसण्यावरून कळलं नाही. थांब असं कुणीही म्हणालं तर थांबायचं, तुम्हीच शिकवलंत ना? कुणीही. मग त्या 'कुणीही'मध्ये आई नव्हती? तुमचे मोठे भाऊ गावाहून इशारा करत होते, आणि तुम्ही त्यांच्या हाताकडे बघत लिव्हर ओढत राहिलात, आणि खाली माणूस उभा होता.

आईला मी विचारलं, तू आणखी जोरात का नाही म्हणालीस? तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पुढची साडी मशीनखाली घेतली.

येत्या रविवारी मी चौथा भाग घेऊन जाणार आहे. पिशवीत आत्ताच भरून ठेवलाय, म्हणजे पाय मागे यायचा नाही. त्या मुलीसमोर पान उघडणार, मिशी दाखवणार, शेजारची खूण दाखवणार, आणि सांगणार की जुनं संस्करण वगैरे काही नाही, मी खोटं बोलले, आमच्या घरी क्रेनवाली एका चौथी पास बाईनं घडवली आणि माझ्या बाबांनी वाचली. साहेब हसतील. हसू देत. मॅगझिनमध्ये लिहायचं तर तिनं हे लिहावं. ताईचं मी तिथे सांगणार नाही. ते साहेबांच्या पंख्याखाली सांगायचं नाही, ते तुम्हालाच सांगायचं होतं.

हे पत्र लिहून झाल्यावर त्या चौथ्या भागातच ठेवावं असं आधी डोक्यात होतं, पण ते पुस्तक आता लोकांच्या हाती जाणार. पेटीत ठेवलं तर आईच्या हाती लागेल, आणि ती फाडणार नाही, वाचेल, सावकाश, अक्षर अक्षर लावून. बघू. तूर्त उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात आहे.

आणि एक राहिलं. त्या मुलीनं मला दोनदा थांबा म्हटलं होतं. रुकिए दीदी, रुकिए ना. मला ऐकू गेलं नव्हतं असं मी चार दिवस स्वतःला सांगतेय. मला ऐकू आलं होतं, बाबा, दोन्ही वेळा, अगदी स्पष्ट. पण लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी थांबले नाही.